उस्तिनाचं जाकीट

सुखा बाल्का, ८ सप्टेंबर २०२४

नेल्या,

खोकं पोचलं. इटलीची मिनीबस खारकिवपर्यंतच येते, तिथून ते तुझ्या लेकीनेच, उस्तिनानेच आणलं. माझं नाव बघून गाडीत टाकलं होतं, कोणाकडून आलंय ते इथे उतरवताना वाचलं. मग हातांनी उचलायचं सोडून पायाने ढकलत फाटकापर्यंत आणलं. तेलाची बाटली फुटली नाही हे नशीब.

तेल चांगलं आहे. कॉफी शेजारच्या सेवेरिनला दिली, मला ती औषधासारखी लागते. त्या जाड शेवया मी डुकराला घातल्या असत्या, पण डुक्कर वसंतातच कापलं.

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी मोडत नाही हे तुला माहीत आहे. आज मोडते, कारण तू खोक्यात ते काळं जाकीट घातलंस आणि वर चिठ्ठी, 'उस्तिनासाठी, गोळी लागू नये म्हणून.' चिठ्ठी तिने वाचली. काय म्हणाली ते लिहिते, गोड करून लिहायला मी चारच इयत्ता शिकले आहे, तेवढ्यात ते शिकवत नव्हते.

"तिला सांग, मी आठ वर्षांची असताना मला हिवाळ्याचा कोट हवा होता. आता मापं बदललीत."

आणि खोकं बाकाखाली सारलं.

एका हिवाळ्यासाठी इटलीला कामाला जाते म्हणाली होतीस तू, पोर माझ्याकडे ठेवून. पण ते राहू दे, माझ्याकडे कागद कमी आहे.

जाकीट मी सेवेरिनला दाखवलं. तू ओळखणार नाहीस त्याला, तू गेल्यावर हे लोक आले इथे. दोन वर्षं सैन्यात होता, एक पाऊल तिकडेच ठेवून आला, आता गावातले जनरेटर दुरुस्त करतो आणि सगळ्यांना अक्कल शिकवतो. त्याने जाकीट दुमडून बघितलं, आतलं लेबल वाचलं.

"काकू, हे पिस्तुलाची गोळी अडवतं. बँकेच्या दारात उभं राहायला उत्तम."

"आपल्या गावात बँक होती कधी?"

"तेच म्हणतो. इथे पिस्तूल घेऊन कोण येतंय? इथे वरून पडतं आणि फुटतं. बारीक तुकडे हे अडवेल, फेकू नका. पण मोठा तुकडा किंवा रायफलची गोळी आली तर यातून आरपार. पुढे-मागे कडक प्लेट पाहिजे."

म्हणजे तू वाईट वस्तू पाठवली नाहीस. तुला इथलं काही माहीत नाही, एवढंच.

आता तुझी लेक काय करते ते ऐक, म्हणजे रात्री झोप लागणार नाही आणि ते बरंच होईल. पांढरी व्हॅन घेऊन ती नदीकडच्या गावांत जाते. जे म्हातारे हटत नाहीत त्यांना समजावते, चादरीत घालून उचलते, गाडीत ठेवते, खारकिवला पोचवते. अंगात स्वेटर. सोबतचे सगळे जाकीट घालतात, ही नाही. म्हणते, "मी चिलखत घालून तळघराच्या तोंडाशी उभी राहिले की म्हाताऱ्या मला शिपाई समजून आणखी आत सरकतात." म्हणते, "तेवढं वजन अंगावर घेऊन म्हाताऱ्याला कसं उचलू?" सगळ्याला उत्तर तयार. कोणावर गेली आहे ते मी सांगत नाही.

युद्धाच्या पहिल्या वसंतात आपल्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी कमानपाट्या कापून सैन्यातल्या पोरांसाठी प्लेटा केल्या होत्या. तिला एक जोडी दिली होती. घालून पायरी चढताना वजनाने ती मागच्या मागे पडली, तेव्हापासून सगळ्यालाच नाही म्हणते.

ती उघड्या छातीने जाते. ती छाती मी झाकणार आहे. तुला कळवलं.

मोत्र्या

*

सुखा बाल्का, २९ सप्टेंबर

नेल्या,

तुझं उत्तर मिळालं. रडल्याचं लिहू नकोस, शाई पसरते.

तिने ऐकलं. फुकट नाही ऐकलं. मी म्हटलं, "जाकीट घाल." ती म्हणाली, "तू गाव सोड." किती दिवस मागे लागली आहे माझ्या. जगाच्या म्हाताऱ्या गाडीत घालून आणते आणि स्वतःची आजी हटत नाही, सोबतची पोरं तिला हसतात म्हणे. मी म्हटलं, "ठीक. तू जाकीट घाल, मी कोबी मुरवून झाला की येते." हात पुढे केला, तिने हातात हात दिला. सेवेरिनने धरलेले हात वरून आपल्या हाताने कापल्यासारखे सोडवले, म्हणजे सौदा पक्का.

मग जाकीट घ्यायला तिच्यासोबत खारकिवला गेले. कोंबड्या सेवेरिनवर टाकल्या.

दुकान म्हणजे तमिला नावाच्या बाईचं शिवणाचं घर. आधी लग्नाचे पोशाख शिवायची, आता प्लेटा घालायची जाकिटं शिवते. तोंडात सिगारेट, गळ्यात टेप, आणि बोलणं माझ्यासारखं, म्हणून पटलं आमचं.

आमच्या आधी एक जाडा गृहस्थ होता. तो जंगली ठिपक्यांचं जाकीट घालून आरशात वळून वळून बघत होता. प्लेट पोटावर आलेली.

"जेवण वाचवताय का?" तमिला म्हणाली. "हृदय वर असतं, साहेब."

"इथे आरामात बसते पण."

मी म्हटलं, "मी आयुष्यभर डुकरं कापली. पोटात सुरी घातली की ते तासभर ओरडतं. इथे घातली की," आणि त्याच्या गळ्याखाली बोट ठेवलं, "ओरडतही नाही."

त्याने प्लेट वर घेतली. ठिपक्यांचं मात्र सोडायला तयार नव्हता. तमिलाने दोनदा सांगितलं की बाबा, तू भाजी वाहतोस, वरून बघणाऱ्याला शिपाई कशाला दिसतोस? नेलंच त्याने. पुरुषाला आरशापुढे अक्कल सांगून उपयोग नाही.

मग आमचं. तमिलाने तीन प्लेटा मेजावर मांडल्या. पहिली पोलादाची. उस्तिनाने उचलली आणि लगेच ठेवली. तमिला म्हणाली, "पोलाद स्वस्त, टिकाऊ, आणि गोळी त्याच्यावर फुटली की तुकडे वर हनुवटीत. वरून जाड लेप नसेल तर घेऊच नका." दुसरी चिनीमातीची. ती रायफलची कडक गोळीसुद्धा थांबवते, पण दगडावर आपटली की आत तडा जातो, बाहेरून दिसतही नाही. तिसरी पांढरी, प्लास्टिकचे शेकडो थर दाबून केलेली. जाड, पण हातात घेतली तर पावासारखी हलकी.

मी म्हटलं, "चिनीमातीची घे. जे जास्त अडवतं ते."

"आजी, मी दिवसात दहादा ते काढून-घालून म्हाताऱ्यांना उचलते. कुठेतरी आपटेनच. आणि जड झाली की गाडीत काढून ठेवेन, मग काय अडवणार, सीट?"

"हलकीतून काय जातं?" मी तमिलाला विचारलं. खोटं बोलली असती तर उठून गेले असते.

"पोलादी टोकाची गोळी जाऊ शकते. पण हिच्यावर गोळी कमी, तुकडे जास्त. आणि घरी ठेवलेल्या भारी प्लेटेपेक्षा अंगावरची हलकी बरी."

हे मला पटलं. मग तिने पुठ्ठ्याची प्लेट कापून उस्तिनाच्या छातीवर धरली आणि उभं करून नाही, खुर्चीवर बसवून, हात स्टिअरिंगसारखे पुढे करायला लावून बघितलं. उभं राहिल्यावर सगळंच बसतं म्हणे, बसल्यावर प्लेट गळ्याला टोचते आणि माणूस वैतागून खाली ओढतो. वरची कड गळ्याच्या खळग्याशी, खांद्याकडचे कोपरे कापलेले, म्हणजे हात फिरतो. प्लेटेवर कारखान्याचा शिक्का आणि साल. शिक्का नसलेली फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. आणि बाजूला एक लाल दोरी, ओढली की सगळं जाकीट सुटून खाली पडतं. गाडी पेटली तर. ते ऐकल्यावर पुढचं मी नीट ऐकलं नाही, त्या दोरीकडेच बघत होते.

रंग साधा निळा घेतला.

आता तुझं. तमिला म्हणाली, या हलक्या प्लेटेमागे मऊ थर लागतो, तो असेल तरच ती पूर्ण काम करते. मी तुझं काळं जाकीट पिशवीतून काढून मेजावर टाकलं. उस्तिनाने ते बोटांनी दाबून बघितलं. मग म्हणाली, "थर थरच असतो. घाला." तमिलाने ते उसवून आतले थर निळ्याच्या आतल्या खिशांत बसवले. 

मोत्र्या

*

सुखा बाल्का, २० ऑक्टोबर

नेल्या,

घालते. दर शनिवारी माझ्याकडे येते, पाव, पाणी, औषधं घेऊन, आणि फाटकातून आत येताना निळं जाकीट अंगावर असतं. तळघरातल्या म्हाताऱ्या घाबरत नाहीत म्हणे. एकीने विचारलं, "तू वीजमंडळाची का?" तेव्हापासून ती "हो, मीटर बघायला आले" म्हणत आत शिरते.

फक्त त्याला वास येतो. एका म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं, त्याचं वाटेतच पोट सुटलं. त्या आधी पाऊस, चिखल. मी म्हटलं, काढ, धुते. रात्री इथेच झोपते ती, रविवारी जाते. साबणाने घासलं, चिखल गेला, आणि विटांच्या चुलीवरच्या कट्ट्यावर, तू लहानपणी झोपायचीस तिथे, पसरलं. भोपळा भाजून काढला होता, विटा मस्त तापलेल्या. मऊ थर धुण्याआधीच काढून वेगळे दोरीवर टाकले, त्यांना ऊन-पाणी नको असं तमिलाने सांगितलं होतं. प्लेटा तशाच आत. सकाळपर्यंत सगळं कडकडीत. आता दर शनिवारी असंच करते. निदान ओलं अंगावर घालून जात नाही.

कोबी मुरला. उस्तिना पिंपात वाकून बघून म्हणाली, "झाला की."

"बटाटे उकरायचे आहेत."

पुढच्या वेळी म्हणाली, "बटाटे?"

"कोंबडी अंड्यांवर बसली आहे."

"ऑक्टोबरमध्ये?"

"तिला कोण सांगणार कोणता महिना आहे?"

ती हसली नाही. तू मला ओळखतेस, म्हणून तुला सांगते, मी जाणार नव्हतेच. हात दिला तेव्हाही नव्हते. या घरात माझा नवरा मेला, तू जन्मलीस, उस्तिना वाढली. जर्मन माझ्या आईला इथून काढू शकले नाहीत, रशियन मला, नातीच्या हट्टापायी कशाला जाऊ? तिची छाती झाकली, माझं काम झालं.

तू विचारलंस, ती तुझ्याबद्दल काही बोलते का. नाही. पण पाठ दुखते का म्हणून मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मऊ आहे आतून." याचा अर्थ तू काय लावायचा तो लाव.

मोत्र्या

*

सुखा बाल्का, १० नोव्हेंबर

नेल्या,

हे पत्र उस्तिना शनिवारी येऊन नेईपर्यंत इथेच पडून राहणार, तरी लिहिते. लिहिलं नाही तर मला भिंतीशी बोलावं लागेल.

आज सकाळी उस्तिना गेली. दुपारी सेवेरिन कोबी न्यायला आला. मी आपली कौतुकाने सांगत होते, धुते कशी, वाळवते कशी.

"प्लेटा काढून ना?" तो म्हणाला.

"कशाला? ओल तर त्यांच्याच खिशात शिरते."

"कुठे वाळवता?"

मी कट्टा दाखवला. त्याने विटांवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"काकू, दर आठवड्याला?"

"दर शनिवारी. का रे?"

तो खाली बसला. एका पायावर त्याला पटकन बसता येत नाही, पण बसला. "ते प्लास्टिक आहे. थर दाबून चिकटवलेत. भाजलं की थर सुटतात. वरून दिसतं ठीक, आत पानं पानं. त्यातून काय जाईल आणि काय थांबेल, देवाला माहीत."

मला आठवलं, या वेळी धुताना प्लेट मधे फुगल्यासारखी लागली होती. दाबलं तर कुरकुरली. मला वाटलं, नवी वस्तू आहे, सैल होत असेल.

आपल्याकडे सगळं त्या कट्ट्यावर वाळतं. नासपती, अळंबी, बूट, पोरं. तमिलाने गरम करू नका म्हणून सांगितलं असेलही. मी तेव्हा लाल दोरीकडे बघत होते.

इथे फोन लागत नाही. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर कधी कधी लागतो. सेवेरिन कुबडी घेऊन चढला. मी खाली उभी. 

तो वरून ओरडला, "आहे! खारकिवात आहे! जेवतेय!"

मी म्हटलं, "सांग तिला!"

त्याने सांगितलं. बराच वेळ ऐकत राहिला. मग खाली आला.

"काय म्हणाली?"

"हसली."

"आणि?"

"म्हणाली, आजीला सांग, पाव जळला तर ती मला ओरडते. तमिलाकडे पुढच्या सोमवारी नव्या येणार. मग म्हणाली शनिवारी नेहमीसारखी येते."

"प्लेटांशिवाय?"

"मऊ थर आहे म्हणाली."

तुझा तो थर, नेल्या. सध्या तेवढाच आहे. मी ऊब देऊन तुझ्या लेकीची छाती उघडी केली. हे मी कोणाला तरी सांगायला हवं होतं आणि तू दूर आहेस, म्हणून तुला.

*

१३ नोव्हेंबर

त्याच कागदावर लिहिते.

नदीकडच्या रस्त्यावर काल दोन गाड्या जळल्या. एक पाणीवाल्याची. ड्रोन रस्त्यावर थांबून बसतात आता, गाडी आली की उठतात. सेवेरिन परत टेकडीवर गेला, येऊ नकोस सांगायला. फोन लागला नाही.

मी त्याला म्हटलं, "हिचं कामच तसं. त्या म्हाताऱ्या हटत नाहीत म्हणून हिला पुन्हा पुन्हा जावं लागतं. एकेकीला कानफटवलं पाहिजे."

त्याने हातातला कोबीचा डबा परत खाली ठेवला. 

"बोल की."

"काकू, नदीकडची गावं सप्टेंबरातच रिकामी झाली. तिची माणसं आता पलीकडच्या रस्त्याने जातात, तो झाडीतला आहे. या रस्त्याने ती आता फक्त शनिवारी येते."

मी म्हटलं, "माझ्यासाठी पाव आणायला."

"पाव आम्हीही भाजतो, काकू."

मग तो कोबी न घेता गेला.

मी विचार करत बसले नाही, विचार करायला होतं काय? मी प्लेट निवडली, पुठ्ठा धरून बघितला, गळ्याचा खळगा मोजला, मऊ थर बसवून घेतला. आणि दर शनिवारी तिला त्या रस्त्यावर मीच बोलावत होते.

कोंबड्या कापल्या. दोन सेवेरिनला, एक डब्यात.

*

खारकिव, १८ नोव्हेंबर

नेल्या,

शनिवारी मी सकाळपासून फाटकाबाहेर बाकावर बसले होते. जवळ गाठोडं. त्यात दोन उशा, कागदपत्रं, तुझ्या बापाचा फोटो, डबा. बाकी सगळं आत. सेवेरिन म्हणाला, आत बसा, वरून दिसता. मी म्हटलं, ऐंशी वर्षं दिसते आहे, बघू देत.

दुपार झाली, गाडी नाही. चहाची वेळ झाली, गाडी नाही. मी देवाकडे काही मागितलं नाही, मला त्याची सवय नाही. मी फक्त रस्त्याकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते की तिने वाटेत कंटाळून परत फिरावं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी येऊ नये असं वाटत होतं.

आली. पुढची काच नव्हती. डोळ्यांवर मोटरसायकलवाल्याचा चष्मा, तोंडावर मफलर, भुवईवर रक्त सुकलेलं. निळं जाकीट, सपाट, पुढे प्लेट नाही. इंजिन चालूच ठेवून दार उघडलं आणि मागून पावाची पिशवी काढायला लागली.

मी गाठोडं आत टाकलं आणि पुढच्या सीटवर चढले.

"आजी, उतर. आधी हे पाव..."

"पाव सेवेरिनला दे. चल."

"कुठे?"

"मला काय विचारतेस? रोज म्हाताऱ्या नेतेस ना? त्यांना विचारतेस?"

तिने पिशवी सेवेरिनच्या हातात दिली. मग लाल दोरी न ओढता, बाजूचे पट्टे एकेक सोडून जाकीट काढलं आणि माझ्या डोक्यातून घालायला लागली. मी हात झटकला.

"मला काय करायचंय ते! तू घाल!"

"माझ्या गाडीत माझा नियम. म्हातारी असते ती घालते."

"तू गाडी चालवणार. तू मेलीस तर मी काय स्टिअरिंग खाऊ? तू घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि तूही नाहीस, आणि तो वरचा आपल्याला शोधत येईल. ठरव."

सेवेरिन कुबडीवर वाकून हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शेवटी तो म्हणाला, "अगं, काकू चढल्यात गाडीत! भांडण शहरात करा!" तिने जाकीट परत घातलं. मी पट्टे ओढून दिले. त्याला आम्ही ये म्हटलं. तो म्हणाला, जनरेटर कोण बघणार. गावात अजून नऊ घरं आहेत.

दाराला कुलूप लावलं नाही. कुलूप असलं की फोडतात, मग दारही जातं.

वाटेत काय झालं ते लिहीत नाही. पोचलो. फाट्यापर्यंत नदीकडचाच रस्ता, पुढे झाडीतला लांबचा घेतला आम्ही. थंडीने माझे दात वाजत होते आणि ती सबंध वेळ एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवून होती, गिअर बदलताना काढायची, परत ठेवायची.

तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. लिफ्ट चालते कधी कधी. पहिल्या रात्री ती बूट न काढता झोपली आणि मी जागी होते. तिच्या श्वासाचा आवाज मोठा आहे, लहानपणी नव्हता.

आज तमिलाकडून नव्या प्लेटा आल्या. ती उद्यापासून जाणार, दुसऱ्या रस्त्यांवर, दुसऱ्या म्हाताऱ्यांकडे. थांबवणार नाही मी. थांबवून बघितलं असतं तर तुझ्यासारखी गेली असती. पण तिला आता त्या गावाकडे जायला कारण उरलं नाही, आणि ते कारण काढून टाकणं माझ्याच हातात होतं. तेवढं मी केलं. उशिरा केलं.

तू लिहिलंस, काय पाठवू. काही नको. पाकिटावर मागे इथला पत्ता आहे. रविवारी ती आता रस्त्यावर जात नाही. फोन करायचा तर तेव्हा कर. पहिल्यांदा उचलणार नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी शेजारीच बसलेली असेन. तू करत राहा.

मोत्र्या